गृहस्थाश्रमातील साक्षी

देवाने राजवाड्यात जन्म घ्यावा, अशी माणसाची अपेक्षा असते. आणि देवाची रीत मात्र अशी, की तो कधी मथुरेच्या बंदिशाळेत प्रकटतो, तर कधी बेथलेहेमच्या गोठ्यात. आज नाताळ. गोठ्यातल्या त्या बाळाचे दर्शन प्रथम घडले ते रात्री मेंढरे राखणाऱ्या धनगरांना. ज्ञानी मंडळी मागाहून आली. ज्याने त्या बाळाचा सांभाळ केला तो योसेफही सुतारकाम करून पोट भरणारा प्रपंची गृहस्थ होता. हा सण मुळात कष्टकऱ्यांचा आणि घरसंसार करणाऱ्यांचा आहे. म्हणूनच आजच्या दिवशी एका ख्रिस्ती शेतकऱ्याचे आख्यान लावावे, असे आमच्या मनाने घेतले.

नारदाच्या गादीवर उभे राहणाऱ्या कीर्तनकाराने परधर्मीयाचे चरित्र का गावे, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर सोपे आहे. भक्ताचे चरित्र ही कोणा एका पंथाची मिरास नव्हे. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' रचले, ते आपल्या ओवी छंदात. त्यांना आमची ओवी परकी वाटली नाही. मग आम्हाला त्यांच्या पंथातला भक्त परका का वाटावा? वसईच्या वाड्यांमधून पहाटे उठून भाजीपाला आणि फुले काढणारा ख्रिस्ती शेतकरी तर आपल्या शेजारचाच. आजचे आख्यान मात्र वसईचे नव्हे. ते युरोप खंडातील ऑस्ट्रिया देशाचे आहे. आणि ते ऐकताना आपल्या पुराणांतील अनेक आख्याने आपोआप आठवत जातात, हेच आम्हाला त्याचे मोल वाटते.

या शेतकऱ्याचे नाव फ्रान्झ येगरश्टेटर. उत्तर ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला, बव्हेरियाच्या सरहद्दीशी, सांक्ट राडेगुंड नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे २० मे १९०७ रोजी तो जन्मला. आई आणि बाप दोघेही दुसऱ्यांच्या शेतावर राबणारे गडी-माणूस. लग्न करण्याइतकीही ऐपत त्यांच्यापाशी नव्हती. कुळाचे नाव न मिळता जन्मलेल्या या मुलाला आजीने वाढविले. बाप पहिल्या महायुद्धात कामी आला. पुढे १९१७ साली आईने येगरश्टेटर नावाच्या एका शेतकऱ्याशी विवाह केला, त्याने मुलाला दत्तक घेतले, आणि घर, शेत व आडनाव अशा तिन्ही गोष्टी फ्रान्झला एकदमच मिळाल्या.

कीर्तनात संतांचे बालपण रंगविताना आम्ही पुष्कळदा जन्मतःच वैराग्य दाखवितो. येथे तशी सोय नाही. फ्रान्झ तरुणपणी काही पोथी घेऊन बसणारा नव्हता. तो तीन वर्षे आइझनएर्त्स येथील लोखंडाच्या खाणीत कामाला होता. तेथून परत आला तो फटफटीवर बसून, आणि गावात ती पहिलीच फटफटी होती. विवाहापूर्वी त्याला एका स्त्रीपासून एक मुलगी झाली. तिची जबाबदारी मात्र त्याने टाळली नाही. असा हा रांगडा, चारचौघांसारखा तरुण. वाल्याचा वाल्मीकी झाल्याची कथा आपण पिढ्यान् पिढ्या ऐकतो. तेव्हा आरंभीच्या डागांनी शेवटचे सोने खोटे ठरत नाही, हे आपल्या वाचकांना निराळे सांगण्याची गरज नाही.

१९३६ च्या एप्रिलात, ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, फ्रान्झिस्का नावाच्या शेतकरी कन्येशी त्याचा विवाह झाला, आणि लग्नानंतर हे जोडपे गेले कोठे, तर रोमच्या यात्रेला! आपल्याकडे नवविवाहित जोडपे जोडीने देवदर्शनास जाते, त्यातलाच हा प्रकार. या विवाहाने त्याचा परमार्थ मागे पडला नाही. उलट तो येथूनच बहरला. पतिपत्नी मिळून बायबल वाचीत, मिळून प्रार्थना करीत, एकमेकांची श्रद्धा दृढ करीत. एकामागून एक तीन मुली झाल्या. शेत, गोठा, गवतकापणी, मुलींची आजारपणे, म्हातारी आई, आणि या सर्वांत रोजची उपासना. पुढे तो गावच्या चर्चचा सेवेकरी झाला; आपल्याकडे गुरव देवळाची जी व्यवस्था पाहतो, तशीच ही सेवा. अंत्यविधीच्या सेवेचे पैसे मात्र तो घेत नसे. स्वतःच्या घरी सुबत्ता नसताना आपल्याहून गरिबाच्या घरी धान्य पोहोचविण्याची त्याची रीत होती.

अरण गावचे सावता महाराज मळा सोडून पंढरीस गेले नाहीत. देवच मळ्यात आला, अशी आपली श्रद्धा. भक्ती ही कामधाम सोडलेल्यांसाठी आहे, हा समज आमच्या संतांनी सातशे वर्षांपूर्वीच खोडून काढला आहे. धर्मशास्त्रानेही गृहस्थाश्रमाला इतर आश्रमांचा आधार मानले आहे. तेव्हा नांगर धरणाऱ्या हाताने जपमाळही धरता येते, यात वाद नाही. वाद आहे तो पुढेच. प्रपंच आणि परमार्थ हे दोन्ही एकाच वाटेने चालत असताना कोणाचीच परीक्षा होत नाही. ज्या दिवशी वाट फुटते आणि एक पाऊल इकडे की तिकडे हे ठरवावे लागते, त्या दिवशी गृहस्थाने काय करावे? आमच्या आजच्या लेखाचा प्रश्न हाच आहे.

फ्रान्झच्या आयुष्यात ती वाट १९३८ साली फुटली. हिटलरचा जन्म ज्या ब्राउनाउ गावी झाला, त्याच तालुक्यातले हे सांक्ट राडेगुंड खेडे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि १० एप्रिलला त्या विलीनीकरणावर लोकांचा कौल घेण्यात आला. साऱ्या देशातून ९९ टक्क्यांहून अधिक मते अनुकूल पडली. सांक्ट राडेगुंडमध्ये एकच मत विरुद्ध पडले, ते फ्रान्झचे. आणि गावाने एकमताने कौल दिला असेच वर कळविण्यात आले! त्या वर्षाच्या आरंभी त्याला एक स्वप्न पडले होते. एक देखणी आगगाडी डोंगराला वळसा घालून चालली आहे, मुले-माणसे धावत जाऊन तिच्यात चढत आहेत, आणि कोणी तरी सांगत आहे की ही गाडी नरकाला जाते आहे. नाझी राजवटीचे स्वरूप त्या स्वप्नाने आपल्याला दाखविले, असे त्याने पुढे लिहून ठेविले.

यानंतर त्याने त्या राजवटीचा एक पैसा घेतला नाही. मुलांसाठी मिळणारे सरकारी साहाय्य नाकारले. गारपिटीने पीक गेले तेव्हा मिळणारी भरपाईही घेतली नाही. गारपीट म्हणजे काय हे आपल्या शेतकऱ्याला विचारावे! हातातोंडाशी आलेला घास जाताना पाहून समोर आलेली मदत नाकारणे हे व्याख्यानातल्या त्यागापेक्षा फार निराळे काम आहे. ज्याचे अन्न खावे त्याचे मिंधे व्हावे लागते, हे त्याने जाणले होते. भीष्माचार्यांसारखा महापुरुष कौरवांच्या अन्नाने बांधला गेला आणि द्रौपदीच्या विटंबनेच्या वेळी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगत बसला. या खेडुताने ते बंधनच गळ्यात पडू दिले नाही.

१९४० साली त्याला सैन्यातून बोलावणे आले, आणि तो गेला. शपथही घेतली. गावच्या प्रमुखाने शेतीचे कारण पुढे करून त्याला दोनदा सोडवून आणले. या दोन खेपांत काही महिने त्याने एन्स येथे शिपाईगिरीचे शिक्षण घेतले. तेथेच त्याने संत फ्रान्सिसच्या तृतीय संघाची दीक्षा घेतली. हा संघ प्रपंचात राहून व्रतस्थ जगणाऱ्यांचा आहे. आपल्याकडे गळ्यात माळ घालून वारकरी व्हावे, तसेच काहीसे. त्याच काळात, अपंगांना आणि मनोरुग्णांना ही राजवट ठार मारीत असल्याची वार्ता त्याच्या कानी आली. त्याच्या गावचे धर्मगुरू एका प्रवचनाबद्दल पकडले गेले होते. १९४१ च्या वसंतात तो घरी परतला तेव्हा त्याचा निश्चय झाला होता: पुन्हा बोलावणे आले तर या अन्यायी युद्धात आपण शस्त्र धरावयाचे नाही.

तो हेकेखोर असता, तर कोणाला विचारता ना. त्याने विचारले. नवे धर्मगुरू, ओळखीचे जाणते, आणि शेवटी लिंत्सचे बिशप यांच्यापाशी त्याने आपले मन उघडे केले. बिशपांनी त्याला समजाविले, की राज्यकर्त्यांच्या कृत्यांचा जाब तुझ्यासारख्या साध्या माणसाला द्यावा लागणार नाही; तू आपले कुटुंब सांभाळ. आप्तेष्टही तेच म्हणत होते. पत्नीनेही आरंभी विनविले. परंतु सारे जग एका बाजूला आणि आपला धनी एकटा, असे जेव्हा तिने पाहिले, तेव्हा ती त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. कारण तिने साथ दिली नसती, तर त्याला कोणीच उरले नसते.

२३ फेब्रुवारी १९४३ रोजी अखेरचे बोलावणे आले. १ मार्चला तो एन्स येथे हजर झाला आणि लढण्यास त्याने नकार दिला. लिंत्सचा तुरुंग, मग मे महिन्यात बर्लिनचा टेगेल तुरुंग. रुग्णसेवेचे काम दिल्यास ते करीन, असे त्याने सांगून पाहिले. ते मान्य झाले नाही. ६ जुलैला लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला. त्याच महिन्यात फ्रान्झिस्का गावच्या धर्मगुरूंबरोबर बर्लिनला जाऊन त्याला भेटली. भेट वीस मिनिटांची. सैन्यसेवा करीन, एवढ्या कागदावर सही केली तर प्राण वाचण्याची आशा होती. सही त्याने केली नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी दुपारी चार वाजता ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. त्या वेळी त्याचे वय छत्तीस होते. अखेरच्या पत्रात त्याने घरच्यांची आणि गावाची क्षमा मागितली होती.

येथे पूर्वरंग संपला. आता विचार.

पहिला आक्षेप भावनेचा आहे आणि तोच सर्वांत बळकट आहे. तीन चिमुकल्या मुलींना पोरके करणारा हा कसला कुटुंबवत्सल बाप? मुलींच्या हाती फलक देऊन काढलेले एक छायाचित्र त्याला तुरुंगात पाठविण्यात आले होते. बाबा, लवकर या, अशा अर्थाचे शब्द त्यावर होते. ते पाहून ज्याचे काळीज हलणार नाही तो माणूसच नव्हे. त्याचेही हलले. तुरुंगातून आलेली त्याची पत्रे शेतीच्या कामांच्या चौकशीने आणि मुलींच्या आठवणींनी भरलेली आहेत. घराचा वीट येऊन तो निघून गेला नव्हता. संसार कडू झाला म्हणून ज्याने संसार सोडला, त्याच्या त्यागाला आम्ही फारसे मोल देत नाही. ज्याला संसार गोड होता आणि तरीही ज्याला तो ओलांडावा लागला, त्याचाच त्याग तोलून पाहण्यासारखा.

हरिश्चंद्राचे आख्यान लावले, की श्रोत्यांत हाच प्रश्न उठतो. सत्यासाठी राज्य दिलेस, ठीक. पण तारामतीला आणि रोहिदासाला विकण्याचा अधिकार तुला कोणी दिला? कीर्तनकाराची एक सोय असते. आख्यानाच्या शेवटी विश्वामित्र प्रसन्न होतात, रोहिदास उठून बसतो, राज्य परत मिळते, श्रोते डोळे पुसून घरी जातात आणि प्रश्न मागे राहतो. सांक्ट राडेगुंडच्या आख्यानात ही सोय नाही. तेथे कोणी उठून बसले नाही. नांगर फ्रान्झिस्काने धरला. युद्ध संपल्यावरही गावाचा रोष संपला नाही. नवऱ्याला तिनेच देवभोळा करून मरणाच्या दारी नेले, असा ठपका तिच्यावर आला. युद्धात पडलेल्या शिपायांच्या विधवांना जे वेतन मिळे, ते तिला १९५० पर्यंत मिळाले नाही. सत्याची किंमत सत्यवान एकटाच भरीत नाही, त्याच्या घरची माणसेही भरतात, आणि पुष्कळदा अधिक काळ भरतात. हे लपवून ठेवून सत्याचे पोवाडे गाऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग त्याने केले ते बरोबर की चूक? आम्ही ते बरोबर मानतो, आणि त्याचे कारण कुटुंबाच्याच कल्पनेत आहे. बाप मुलांना काय देतो? अन्न देतो, वस्त्र देतो, छप्पर देतो. पण त्याबरोबर आणखी एक वस्तू देतो, ती म्हणजे बरेवाईट ओळखण्याचे माप. ज्या राजवटीत दुबळ्या लेकरांना मारणे हा राज्यकारभार ठरतो, त्या राजवटीचा हात बनून परत आलेला बाप मुलींना भाकर देऊ शकला असता; ते माप मात्र त्याच्याच हाताने मोडलेले असते. अर्थात हा निर्णय त्याने पत्नीवर लादला असता, तर आमचे मत डळमळले असते. फ्रान्झिस्काने तो आपलासा केला, यातच या आख्यानाचे खरे तेज आहे. तारामतीचे नाव हरिश्चंद्राच्या बरोबरीने घेतले जाते. या माउलीचे नावही तसेच घेतले पाहिजे.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे. आज्ञा देणारा जबाबदार, पाळणारा नव्हे, असे बिशपांनी सांगितले होते. आणि त्यांच्या मनात या कुटुंबाविषयी कळकळच असली पाहिजे. तथापि आपल्या पुराणांची साक्ष काढली तर काय दिसते? रावण राजा होता, वडील भाऊ होता; जबाबदारी त्याची म्हणून बिभीषण गप्प राहिला नाही. कौरवांच्या सभेत विकर्ण हा दुर्योधनाचाच भाऊ. द्रौपदीच्या बाजूने त्या भावांपैकी तो एकटा बोलला, याबद्दल आपण त्याला धन्य म्हणतो. परंतु पुढे काय झाले? युद्ध उभे राहिले तेव्हा तोच विकर्ण कौरवांच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून मेला. आपल्यापैकी बहुतेक सज्जन विकर्णासारखे असतात. सभेत बोलतात, आणि वेळ आली की रांगेत उभे राहतात. त्या शेतकऱ्याने उलट केले. सभेत व्याख्यान दिले नाही. रांगेत उभा राहिला नाही, इतकेच.

तिसरा आक्षेप आमच्या घरचाच आहे. गीतेत भगवंतांनी अर्जुनाला युद्धास उभे केले. मग युद्ध टाकणाऱ्याला गीतेचा उपासक कसा वाखाणतो? गीतेचा विषय अमुकच एक युद्ध करावे हा नाही. मोहाने कर्तव्य सोडू नये, हा आहे. अर्जुनाने धनुष्य खाली ठेविले ते आप्तांच्या मोहाने. फ्रान्झने शस्त्र नाकारले ते आप्तांच्या मोहावर मात करून. मोह त्याला ओढीत होता तो लढण्याच्या दिशेने. कारण लढला असता तर निदान तूर्त तरी जीव आणि घर वाचले असते. शिवाय भगवंतांनी क्षत्रियाला जे युद्ध सांगितले ते धर्म्य युद्ध; शेजाऱ्यांची राज्ये गिळण्यासाठी पुकारलेल्या युद्धाला तो शब्द लागत नाही. दोघांची बाह्य कृती परस्परविरुद्ध दिसते. अंतरीचे सूत्र एकच आहे.

येथे एक इशारा देणे आम्हाला आवश्यक वाटते. सदसद्विवेकाचे नाव पुढे करून वाटेल तो हट्ट धर्म म्हणून मिरविता येईल, अशी भीती आहे. आणि ती खरी आहे. मग हट्ट कोणता आणि निष्ठा कोणती, हे ओळखावे कसे? या चरित्रातूनच चार खुणा सापडतात. पहिली खूण ही, की त्याच्या नकारात त्याचा लाभ कोणताच नव्हता. हानी तेवढी स्वतःची होती. दुसरी ही, की त्याने दुसऱ्या कोणाला इजा केली नाही. तिसरी ही, की त्याने थोरांचा सल्ला घेतला, त्यावर विचार केला, आणि रुग्णसेवेसारखा दुसरा मार्ग स्वतः होऊन सुचविला. आणि चौथी, आमच्या मते सर्वांत मोठी, ही की जे गेले त्यांची त्याने निंदा केली नाही. उलट जाताना क्षमा मागितली. हट्टी माणूस जगाला दोष देत मरतो. निष्ठावंत माणूस जगाचा निरोप घेऊन मरतो.

चौथा आक्षेप व्यवहाराचा. एका शेतकऱ्याच्या मरणाने महायुद्ध थांबले काय? नाही थांबले. त्या दिवशी कोठल्याही आघाडीवर एक गोळी कमी सुटली नाही. पण बीज मातीत पडल्यावर काय होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. १९४६ साली त्याच्या अस्थी गावी आणून चर्चजवळ पुरण्यात आल्या. पुढे गॉर्डन झान नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने त्या गावी जाऊन माहिती गोळा केली आणि १९६४ साली त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. यानंतरची हकीकत आपल्या मुंबईशी नाते सांगणारी आहे. १९३७ ते १९५० या काळात मुंबईचे आर्चबिशप असलेले थॉमस रॉबर्ट्स यांनी १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे, विवेकापोटी शस्त्र नाकारणाऱ्यांची बाजू लेखी मांडताना, या अनाम शेतकऱ्याचा दाखला दिला. त्या परिषदेने अखेर असे म्हटले, की विवेकाच्या आज्ञेने शस्त्र न धरणाऱ्यांना कायद्याने माणुसकीने वागवावे. ज्याला १९४३ साली कोणी विचारीत नव्हते, त्याचे म्हणणे बावीस वर्षांनी जगभरच्या बिशपांच्या सभेत पोहोचले.

१९९७ साली बर्लिनच्या न्यायालयाने त्याच्यावरील मृत्युदंडाचा निकाल रद्द ठरविला. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंत्सच्या कॅथीड्रलमध्ये कॅथलिक चर्चने त्याला 'धन्य' घोषित केले. संतपदाच्या अलीकडची ही पायरी होय. ज्या शहरी तो तुरुंगात पडला, जेथल्या बिशपांनी त्याला परतविण्याचा यत्न केला, त्याच शहरी त्याचा गौरव झाला. चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का आपल्या मुलींसह तेथे बसलेली होती. २०१३ च्या मार्चमध्ये, वयाची शंभर वर्षे पुरी करून, ती निवर्तली. २०१९ साली या दांपत्याच्या जीवनावर एक चित्रपटही निघाला. बीज रुजायला किती काळ लागतो, हे पिकाच्या जातीवर अवलंबून असते. काही पिके चार महिन्यांत येतात. काहींना साठ-सत्तर वर्षे लागतात. पेरणाऱ्याने कापणीचा हिशेब धरून पेरणी केली नव्हती, हे लक्षात ठेवावे.

धर्मासाठी प्राण देणाऱ्याला युरोपातील भाषांत जो शब्द आहे, तो मूळ ग्रीक भाषेतला, आणि त्याचा मूळ अर्थ 'मरणारा' असा नसून 'साक्षी' असा आहे. संस्कृतातही साक्षी म्हणजे ज्याने स्वतः डोळ्यांनी पाहिले तो. ऐकीव बोलणारा साक्षी होत नाही. फ्रान्झने एवढेच केले. जे दिसले ते दिसले असे सांगितले आणि त्याप्रमाणे वागला. गावाला आगगाडी दिसत होती. ती कोठे चालली आहे हे त्याला दिसले, म्हणून तो चढला नाही. अशा साक्षीला विद्वत्ता लागत नाही. शास्त्रे पढलेले आम्ही शब्दांचा काथ्याकूट करीत राहतो. त्याचे शिक्षण खेड्यातल्या शाळेपुरते होते.

वाचकहो, आपल्यापुढे अशी मरणाची परीक्षा बहुधा यावयाची नाही, आणि येऊ नये अशीच आमची प्रार्थना आहे. परंतु लहान परीक्षा रोज येतात. खोट्या कागदावर सही मागितली जाते. नको त्या हातून पैसा पुढे येतो. सारे गाव एका निरपराध घराला वाळीत टाकावयास निघते, आणि आपल्याला फक्त गप्प राहावयास सांगितले जाते. प्रत्येक वेळी कारण तेच पुढे येते: पोराबाळांसाठी करावे लागते हो! त्या वेळी या शेतकऱ्याची आठवण ठेवावी. पोराबाळांसाठी काय करावयाचे नाही, हेही पोराबाळांसाठीच ठरवावे लागते.

आज ख्रिस्ती बांधवांच्या घरी गव्हाणीचा देखावा मांडलेला असेल. त्या बाळाच्या जन्मानंतर थोड्याच काळात हेरोद राजाने बेथलेहेमातील तान्ही मुले मारण्याची आज्ञा दिली, असे बायबल सांगते. आपल्या कंसाची कथा याहून वेगळी नाही. ती आज्ञा पाळणारेही कोणाचे तरी नवरे आणि कोणाचे तरी बाप असले पाहिजेत. त्यांतल्या एकानेही तलवार खाली ठेविल्याचे कथेत येत नाही. सांक्ट राडेगुंडच्या शेतकऱ्याने ती जागा भरून काढली, असे आम्हाला वाटते. नाताळच्या दिवशी त्याला आणि त्याच्यामागे नांगर धरून उभी राहिलेल्या फ्रान्झिस्काला आमचा साष्टांग नमस्कार असो.